चौथा डाग

मी मराठी चौथी शिकलेली बाई. लिहायची मला सवय नाही, बोलायची आहे, आणि ती जरा जास्तच आहे असं आमच्या घरचे म्हणतात. पण औंदा धान कापून होत नाही तोच आमच्या टोलीतल्या, म्हणजे वस्तीतल्या, दोन घरी ताप शिरला. दोन्ही घरची माणसं माझ्याकडे आली. तुले तवा काय झालतं व, कसा होता तो ताप, हेच दोघांनी विचारलं. त्यांना तोंडानं सांगितलं. मग शाळेतल्या गुरुजींची बायको म्हणाली, लिहूनच काढ ना बाई, म्हणजे चार ठिकाणी वाचून दाखवता येईल.

म्हणून बसले लिहायला. डॉक्टरकीचं मला काही कळत नाही. माझ्या अंगावर काय बेतलं आणि त्यातून मी कशी उठले, एवढंच सांगते. माझी नणंद देवका कशी गेली तेही सांगावं लागेल, कारण ते सोडून माझं वाचणं सांगताच येत नाही.

बिळातलं धान

आमचं गाव गोंदियाकडच्या गोरेगावच्या अलीकडे, तलावाच्या खाली. तलाव आमच्याच लोकांनी बांधलेला, पण कोणत्या पिढीत ते आता कोणाला ठाऊक नाही. आमच्याकडे धान कापून भारे खळ्यावर गेले की पोरीसुना कुदळ-टोपली घेऊन उंदरांच्या मागे लागतात. रानातले उंदीर आणि घुशी कापणीच्या आधीच लोंब्या तोडून बिळात भरून ठेवतात. शेताच्या धुऱ्यातलं, बांधातलं, बीळ असलं तर सूपभर धान निघतं. तलावाच्या पाळीतलं, त्या मोठ्या बांधातलं, असलं तर टोपली भरते.

त्या धानावर घरच्या पुरुषांचा हक्क नाही, हा आमचा रिवाज. जिनं खणलं तिचं ते. त्याच्या बांगड्या घ्या, नाहीतर बाजारात भजी खा, कोणी हिशेब विचारणार नाही. सासुरवाशिणीला स्वतःचं म्हणायला वर्षातून एवढंच मिळतं. त्यामुळे त्या बिळांवर आम्हा सगळ्यांचा भारी जीव.

आपली राजधानी नागपूरची मुंबई झाली, त्याच हिवाळ्यातली गोष्ट. देवकाचं लग्न माघात ठरलं होतं. सासूबाईंची ती शेंडेफळ, लाडाची, आणि हसायला लागली की थांबायची नाही. तिला पैंजण हवे होते, आणि ते बापाच्या नाही तर आपल्या धानाचे हवे होते. त्या दिवशी आम्ही दोघीच पाळीवर गेलो. मीच तिला म्हटलं होतं, चल, पाळीतली बिळं कोणी खोलली नाहीत अजून.

पाळीच्या आतल्या अंगाला गवत मातलं होतं. गुरं तिकडे जात नव्हती. आम्ही खणलं, पण बीळ दगडांच्या मधून आत वळलं होतं, कुदळ चालेना. मग देवका सरळ पालथी पडली गवतात आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. मी शेजारी बसून ती देईल त्या लोंब्या ओच्यात घेत होते.

"वयनी, लागलं व हाताले. लय हाय."

"चावंल काही. काढ हात."

"चावला त चावला."

तेवढ्यात बाजूच्या भोकातून एक उंदीर निघाला आणि तिथंच बसला. पळाला नाही. चांगला तुकतुकीत होता, अंगावर एक खरूज नाही. त्याच्या दोन्ही कानांत काहीतरी लालभडक भरलेलं होतं.

"पाह्य व," देवका म्हणाली, "मायाआधी याचंच लगन लागलं. कानात कुंकू भरून आला."

आम्ही दोघी हसलो. मी मूठभर माती मारली तेव्हा तो सावकाश आत गेला. टोपली भरून घरी आलो. अंग खाजलं नाही, दुखलं नाही, काही चावल्याचं कळलंही नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. काही कळत नाही, हेच त्याचं वाईट आहे.

देवका

आधी ती पडली. थंडी भरून आली आणि डोकं असं दुखायला लागलं की ती भिंतीला कपाळ लावून बसायची. डोळे लाल झाले. हिवताप आमच्याकडे घरोघरी, त्यामुळे पहिले काही दिवस कोणाला धास्ती वाटली नाही. वैद्याचा काढा चालू होता. पण हिवताप एक दिवस सोडतो, एक दिवस धरतो. याने तिला सोडलंच नाही.

आमच्या सासूबाई डाग द्यायला पंचक्रोशीत नावाजलेल्या. पोटात पाणथरी वाढली, ताप हाडात मुरला की लोक गाडी जुंपून त्यांच्याकडे माणूस आणायचे. विळ्याचं टोक लाल करून फासळीखाली टेकवायच्या, आणि हात असा की डाग कधी इकडचा तिकडे झाला नाही. सगळे म्हणाले, आपल्या पोरीले काऊन नाही देत डाग? सासूबाई म्हणाल्या, "लग्नाची पोर हाय. डागलेली पोर त्यायच्या घरी कशी धाडू?"

आज देईन, उद्या देईन करत राहिल्या. देवका बरळायला लागली. मग बोलणंच बंद झालं, आणि एका सकाळी ती गेली.

तिला शेवटची आंघोळ सासूबाईंनीच घातली. मला तेव्हा स्वतःलाच कणकण होती, मी भिंतीशी बसून बघत होते. पाणी घालता घालता सासूबाईंनी तिचा उजवा हात वर केला आणि तशाच थांबल्या. काखेत काहीतरी बघत होत्या. मग हात हळूच खाली ठेवला आणि पुन्हा पाणी घेतलं. काय पाहिलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, माझं डोकं तेव्हाच फुटायला लागलं होतं.

विळा

देवकाचं सगळं उरकलं आणि मी अंथरुणाला खिळले. तोच ताप, तेच लाल डोळे. घरात माझ्याशी कोणी धड बोलेना. एकदा पाणी द्यायला आल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुनंच नेलं तिले पाळीवर." एवढंच बोलल्या. मला वाटलं, त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग एक दिवस त्या विळा तापवून आल्या. आमच्या घरच्यांना, म्हणजे आपल्या लेकाला, सांगितलं, "हात धर तिचे." मी हातापाया पडले, आत्याबाई नका जी, म्हटलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंही नाही. लुगडं सरकवलं आणि डाव्या बाजूला, फासळीपासून खाली, ओळीनं डाग दिले. चामडी जळाल्याचा वास मला आला तो स्वतःच्या अंगाचा आहे हे कळायला वेळ लागला. मी खोटं कशाला सांगू, मला तेव्हा पक्कं वाटलं की ही बाई पोरीचा सूड घेते आहे. ताप असला की माणसाला असलंच सुचतं.

डागांनी ताप हलला नाही. आमच्या घरच्यांनी मग कोणाचंच ऐकलं नाही. थोरल्या दिरानं सांगून पाहिलं, दवाखान्यात जातो तो परत येत नाही, घरीच राहू दे. हे म्हणाले, देवका त घरीच होती ना. मग गोरेगावपर्यंत बैलांच्या खाचरात आणि तिथून गोंदियाच्या गिरणीला जाणाऱ्या धानाच्या ट्रकवर, पोत्यांवर निजवून मला नेलं. रस्ताभर ऊन तोंडावर होतं आणि मी थंडीनं कुडकुडत होते. मला माझ्या दोन वर्षांच्या पोरीची आठवण येत होती. तिला निघताना मी डोळे भरून पाहिलं नव्हतं.

दाग आणि डाग

आता ज्या चुकीपायी मी मरत होते ती सांगते. चूक कोणा एकाची नाही, एका शब्दाची आहे.

दवाखान्यातले डॉक्टर उत्तरेकडचे, हिंदी बोलणारे. लढाईत ब्रह्मदेशाच्या जंगलात पलटणीबरोबर राहून असले ताप पाहून आलेले. त्यांनी माझे डोळे पाहिले, जांघेतली गाठ चाचपली आणि आमच्या घरच्यांना विचारलं, "बदन पर कहीं काला दाग है?"

गोंदियात सगळी हिंदीच चालते आणि आमच्या घरच्यांना ती येते, निदान त्यांना तसं वाटतं. पण दाग म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात एकच डाग आला, आईच्या विळ्याचा. आदल्या साली गोरेगावच्या बाजारात एका साहेबानं ओरडून सांगितलं होतं की डाग देणाऱ्याला बेड्या घालू.  आईला धरून नेतील, या भीतीनं हे म्हणाले, "नाही जी साहेब. डागबीग काही नाही. आम्ही तसलं काही करत नाही."

डॉक्टरांनी विचारलेला डाग वेगळा होता. ते एका चाव्याची काळी खपली शोधत होते. ती असती तर त्यांना तिथंच ताप ओळखू आला असता. नाही म्हटल्यावर त्यांनी मला हिवतापाचं कोयनेल सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईनं अंग पुसायला लुगडं सोडलं आणि सगळं उघडं पडलं. डॉक्टर संतापले. "झूठ क्यों बोला? चार-चार जगह जलाया है औरत को!" हे खाली मान घालून उभे राहिले. डॉक्टरांनी दुरूनच पाहिलं, काळ्या खपल्या, ओळीनं, भोवती लाल. जाळलेलं कातडं त्यांनी आमच्या भागात कितीतरी पाहिलं असेल. जवळ वाकून बघावं असं त्यात त्यांना काही वाटलं नाही. जे शोधत होते ते त्यांच्या डोळ्यांसमोर होतं आणि आमच्याच डागांनी ते झाकून टाकलं.

कान गेले

सकाळी फिनेलच्या पाण्यानं फरशी धुवायचे, मग थर्मामीटर, मग ते कडू औषध, मग डॉक्टरांची फेरी. बाहेर चिंचेखाली लोकांच्या चुली पेटायच्या. हे मला पहिले काही दिवस ऐकूही यायचं, भांड्यांचा आवाज, कोणाचं रडणं. मग एका सकाळी सगळं बंद झालं. कानात नुसता घुमघुम आवाज राहिला. माणसांची तोंडं हलायची आणि मला काही कळायचं नाही. मी घाबरून ओरडले असेन, कारण सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या.

शेजारच्या खाटेवर गोंदियातलीच एक बिडी वळणारी बाई होती, बिस्मिल्लाबी. तिला स्वतःला खोकल्यानं बसवत नव्हतं. पण ती उठून यायची, ओल्या फडक्यानं माझे ओठ पुसायची आणि माझे तळपाय चोळायची. काही बोलायची नाही, बोलून उपयोग नव्हता. त्या सगळ्या दिवसांतला तेवढाच एक सुखाचा स्पर्श मला आठवतो. देव तिचं भलं करो.

पलीकडच्या खाटेवरची पोरगी एका दुपारी झाकून नेली. तिचे डोळे लाल होते का, तिला कुठून आणली होती, हे मला कोणी सांगू शकलं नाही. मी आपली खाटेच्या दांडीला धरून पडून राहिले. पुढचा नंबर आपला, हे मला ठाऊक झालं होतं.

तीन बोटं

त्या दिवशी सासूबाई आल्या. मी त्यांना दारातून येताना पाहिलं आणि मला वाटलं, या आपलं शेवटचं तोंड बघायला आल्या. हातात पेजेचं गडवं होतं. डॉक्टर तेव्हा माझ्या खाटेशीच होते. नर्सबाईनं सासूबाईंकडे बोट दाखवलं. डागवाली ती हीच, असं सांगितलं असणार.

पुढचं मी फक्त पाहिलं. डॉक्टरांचं तोंड जोरजोरात हलत होतं. त्यांनी चार बोटं सासूबाईंच्या नाकासमोर नाचवली. आमचे घरचे मध्ये पडून आईला बाहेर ओढायला लागले. सासूबाईंनी त्यांचा हात झटकला. गडवं खाली ठेवलं आणि तीन बोटं वर केली. डॉक्टरांनी पुन्हा चार केली. त्यांनी पुन्हा तीन.

 मला वाटलं, मी किती दिवस जगणार याची घासाघीस चालली आहे, आणि सासू एक दिवस कमीच सांगते आहे.

मग सासूबाई माझ्याजवळ आल्या, त्यांनी माझं लुगडं कमरेपर्यंत सरकवलं आणि एकेका खपलीवर बोट ठेवलं. एक, दोन, तीन. चौथी खपली जरा खाली होती, जिथं लुगड्याची गाठ बसते तिथं. तिच्यावर बोट न ठेवता त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून नाही अशी मान हलवली. मग उजवा हात वर करून आपली काख दाखवली. तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. देवका गेली तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

डॉक्टर वाकले. खिशातून भिंग काढलं. बराच वेळ माझ्या कमरेशी डोळा लावून होते. उठले तेव्हा त्यांचं तोंड बदललेलं होतं, आणि त्यांनी नर्सबाईला जवळजवळ धावतच पाठवलं.

काय बोलणं झालं ते मला मागून यांनी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "म्या तीनच देल्ले साहेब. मले बेड्या घाला, पण चौथा माया नोय. माया हात मले समजते. असाच एक माया पोरीच्या काखेत होता, आन् तिले त म्या डागच देल्ला नव्हता."

कानातलं कुंकू

मला नव्या गोळ्या मिळाल्या, तेव्हा नुकत्याच निघाल्या होत्या म्हणे. इतक्या कडू की पाण्याचीसुद्धा चव गेली. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मला घाम फुटला आणि सकाळी चुलींचा आवाज आला. कोणीतरी तवा आपटला होता. मी ऐकत पडून राहिले. रडायला आलं.

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. रानातल्या उंदराच्या कानात बारीक लाल किडे बसतात, मोहरीहूनही लहान. त्यांच्या पोटात हा ताप असतो. उंदराला काही होत नाही, तो खातो-पितो, पिलं घालतो. किडे गवतावर उतरतात आणि माणूस गवतात बसला, निजला की अंगावर चढतात. कमरेची गाठ, काख, जांघ, जिथं कापड आवळलेलं असतं तिथं चावतात. ना आग, ना खाज. काही दिवसांनी काळी खपली धरते आणि मग ताप येतो. "चूहे को देखो तो बिलकुल चंगा दिखता है," ते म्हणाले.

मला तो उंदीर आठवला. लाल कान घेऊन आमच्यासमोर बसलेला, न घाबरता. देवकाचं हसणं आठवलं. मी डॉक्टरांना कुंकवाचं सांगितलं नाही. 

सासूबाईंना बेड्या कोणी घातल्या नाहीत. पण तेव्हापासून त्यांनी विळा तापवला नाही. घरी आल्यावर एकदा मला पेज भरवताना त्या आपणहून बोलल्या. "देवकाले डाग नाही देल्ला म्हणून गेली, असं वाटलं मले. म्हून तुले देल्ला. तू बी जाशील असं भेव वाटलं." मी त्यांचा हात धरला. त्या हातानं मला जाळलं होतं, आणि त्याच हाताची त्यांना इतकी ओळख होती म्हणून मी जिवंत आहे. माझी पोर आता त्यांच्याच कुशीत निजते.

औंदा

तलावाच्या पाळीवर यंदाही गवत मातलं आहे. बिळं पुन्हा आहेत, आधीपेक्षा जास्तच. मी सगळ्यांना सांगून थकले, पण पोरी जातातच, त्यांचं एवढंच तर धान आहे. निदान गवतात निजू नका, घरी आल्यावर कापडं उकळत्या पाण्यात टाका, अंग घासून धुवा. आणि ताप आला तर अंगभर काळी खपली शोधा, सापडली तर डॉक्टरांना दाखवा, लपवू नका. सापडली नाही तरी गोंदियाला घेऊन जा. सांगण्यासारखं माझ्याजवळ एवढंच आहे.

सासूबाईंच्या डोळ्यांना आता कमी दिसतं. तरी टोलीत ताप आल्याचं कळलं तसं त्या काल काठी घेऊन निघाल्या, मी मागून गेले. पहिल्या घरी लग्नाची पोरगी पडली होती. तिची आई दारातच आडवी आली. पोरीचं अंग परक्या माणसाला कसं दाखवू, म्हणाली, आणि तुम्ही डाग द्याल त तो तर नकोच, पोरीचं जमून रायलं. सासूबाईंनी काठी भिंतीला टेकवली आणि रिकामे हात तिच्यापुढे धरले.

"डाग नाही देत व बाई," त्या म्हणाल्या. "फक्त काख पाहू दे. जित्ती हाय तवाच पाहू दे. मेल्यावर त म्याही पाह्यली."

ती बाई बाजूला झाली.